बायपासनंतर माणूस घरी आणताना: वही, वजनकाटा आणि दाराजवळची पिशवी

डिस्चार्ज मिळायच्या आदल्या दिवशी एक जाड वही विकत आणा आणि तिच्या पहिल्या पानावर तीन फोन नंबर ठळक लिहा. एक सर्जनच्या हाताखालच्या डॉक्टरांचा, दुसरा वॉर्डचा किंवा आयसीयूचा, जिथे रात्रीही कोणीतरी जागं असतं, आणि तिसरा १०८. पहिले दोन नंबर हॉस्पिटलच्या आवारातच उभं राहून लावून बघा. पलीकडून कोण बोलतं, रात्री कोण उचलणार, ते विचारून घ्या. आमच्या अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर छापलेला नंबर रिसेप्शनचा होता. रात्री नऊनंतर तो नुसता वाजत राहायचा. हे आम्हाला वाईला घरी आल्यावर दहाव्या रात्री कळलं, तेही अण्णा खुर्चीत बसून श्वास घेत असताना.

दुसरी गोष्टही आधीच ठरवा. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं ते तासाभराहून लांब असेल, तर मध्यरात्री पहिल्यांदा कुठे न्यायचं? जवळचा दवाखाना म्हणजे तयारी झाली, असं नाही. तिथे रात्री डॉक्टर असतात का, ईसीजी निघतो का, ऑक्सिजन आहे का, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारं कोणी आहे का, हे दिवसाउजेडी जाऊन विचारा. शक्य असेल तर फाईल एकदा दाखवून ठेवा. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल, तर पुढच्या तपासण्या आणि औषधं योजनेत बसतात का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, घरी निघण्याआधीच कळून घ्या.

डिस्चार्ज देताना सगळे म्हणतात, 'काळजी घ्या, काही वाटलं तर फोन करा.' या 'काही वाटलं तर'वर थांबू नका. आकडे मागा. आमच्या माणसाचं बीपी कितीपासून कितीपर्यंत चालेल, नाडी किती झाली की फोन करायचा, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर किती दिसलं की निघायचं, आजचं वजन किती, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग किती आलं. हे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून शेजारच्या काकांचे वापरू नका. ते डॉक्टरांकडूनच वहीच्या दुसऱ्या पानावर लिहून घ्या. मागताना संकोच वाटतो, मागे रांग असते. तरी मागा.

घरात काय लागेल, ते थोडक्यात. वजनकाटा, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, दंडाला बांधायचं बीपीचं मशीन, आणि मधुमेह असेल तर शुगर बघायचं मशीन. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची. खोकताना छातीशी धरायला घट्टशी छोटी उशी. हॉस्पिटलने दिलेलं, ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र डिस्चार्जच्या गडबडीत तिथेच राहतं, ते आठवणीने पिशवीत टाका. बऱ्याच जणांना वाटतं ते हॉस्पिटलपुरतंच होतं. ऑपरेशननंतर फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, तिथे कफ साचतो, आणि तो मोकळा करायचं काम घरीही चालू ठेवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे सकाळचा शिरस्ता. उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज एकाच तऱ्हेच्या कपड्यांत वजन. मग ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन. मग छातीची आणि बायपाससाठी ज्या पायातून नस काढली त्या पायाची जखम उजेडात बघणं. मग दोन प्रश्न: रात्री किती उशांवर झोपलात, आणि काल जेवढं चाललात तेवढं आज जमतंय का. पुरे पाच-सात मिनिटांचं काम आहे. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने रोज संध्याकाळी कालचं पान आणि आजचं पान शेजारी धरून वाचायचं.

हे दुसऱ्याचं काम आमच्याकडून राहिलं. आई रोज वजन लिहीत होती, अगदी नेमाने, तारखेसह. सहासष्ट-सदुसष्टच्या आसपास असलेलं वजन तीन दिवसांत सव्वादोन किलोंनी वाढलं होतं. आईला वाटलं, जेवण लागू पडतंय, अंगाला लागतंय. मलाही फोनवर ऐकून बरंच वाटलं. त्याच तीन दिवसांत अण्णांच्या उशा दोनाच्या तीन झाल्या, आणि तिसऱ्या रात्री ते म्हणाले, 'मी आपला खुर्चीतच बसतो, आडवं झालं की कोंडल्यासारखं होतंय.' मी पोचले तेव्हा त्यांचा पायमोजा काढला. नडगीवर मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खाच होती. अंगठ्याने दाबलं तर खळगा पडला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. दोन्ही पायांना तसंच. छातीत डाव्या बाजूला पाणी साचलं होतं. ते काढल्यावर, गोळ्या बदलल्यावर अण्णा दोन दिवसांत पाठीवर झोपायला लागले. उत्तर वहीत लिहिलेलं होतं. आकडे लिहिले जात होते, ते वाचणारं घरात कोणी नव्हतं.

म्हणून हे पाठ करून ठेवा: एका दिवसात एक किलोहून किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वजन वाढलं, तर ते जेवणाचं नसतं, पाण्याचं असतं. त्याच दिवशी फोन करायचा. झोपायला जास्त उशा लागणं, रात्री दम कोंडून जाग येणं, दोन्ही पाय सुजणं, चार पावलांत धाप लागणं, ही याच घरातली भावंडं. ज्या पायातून नस काढली त्या पायाला थोडी सूज बरेच आठवडे राहते, ती पाय वर ठेवला की उतरते. तिची इतकी धास्ती नको. पण एकच पोटरी दुखरी, गरम आणि टणक झाली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, तेल लावून मालिश तर अजिबात नाही. लगेच दाखवा.

त्रास देणारी पण घाबरवू नयेत अशीही लक्षणं आहेत, आणि ती आधीच माहीत असली की घर शांत राहतं. तोंडाला चव नसते, कशालाही पत्र्याची चव येते. बद्धकोष्ठ होतं. खांदे, मान आणि पाठीचा मधला भाग दुखतो, कारण ऑपरेशनच्या वेळी फासळ्या फाकवलेल्या असतात. छातीच्या डाव्या बाजूला आणि पायाच्या जखमेशेजारी बधिरपणा महिनोन् महिने राहू शकतो. झोप तुटक लागते, विचित्र स्वप्नं पडतात. आणि माणूस रडतो. आमचे अण्णा, चाळीस वर्षं शाळा सांभाळलेला माणूस, दूध उतू गेलं म्हणून रडले. त्यांना 'असं काय करता' म्हणू नका, शेजारी बसा. ही उदासी सहसा काही आठवड्यांत ओसरते. दोन आठवडे झाले तरी खाणं नाही, बोलणं नाही, 'उगाच वाचलो' अशी भाषा येते, तर ते डॉक्टरांना तितक्याच गांभीर्याने सांगा जितकं छातीचं दुखणं सांगाल.

जखमेकडे बघायला शिका. कडेची फिकट गुलाबी रेघ, खाज, खपली, हे भरत असल्याचं लक्षण. लाली रोज पसरते आहे, स्पर्श गरम लागतो, पिवळट किंवा वास येणारं पाणी सुटतं, टाक्यांची कड उकलते, १००.४ फॅरनहाइटहून जास्त ताप किंवा थंडी वाजणं, यातलं एकही दिसलं तर वाट पाहू नका. मोबाइलवर रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो काढून ठेवला तर फरक लगेच कळतो. जखमेवर हळद, खोबरेल, पावडर, कोणी दिलेलं मलम, काहीही लावायचं नाही. प्रेमापोटीच आणतात सगळे, पण नाही म्हणायचं. मधुमेह असेल तर शुगर अचानक चढू लागणं हीही आत संसर्ग सुरू झाल्याची खूण असू शकते.

छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं असतं आणि ते जुळायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण बळकट व्हायला साधारण तीन महिने लागतात. कुशीवर वळताना, खोकताना आत कट्ट असा आवाज येत असेल, हाड सरकल्यासारखं वाटत असेल, तर कळवा. हे टाळायला घरच्यांची तयारी लागते. आई सुरुवातीला अण्णांना दोन्ही हात धरून ओढून उठवायची, मायेनेच. तसं नाही. आधी कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग पाठीमागून आधार. पाण्याची बादली, कळशी, भरलेला कुकर, दुकानाचं शटर आणि धावत येऊन बिलगणारं नातवंड, सगळं सध्या लांब.

इथे बायकांबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. बाई घरी आली की तिसऱ्या आठवड्यात कणीक मळायला बसते आणि दुखलं तर सांगत नाही, कारण सांगितलं तर काम दुसऱ्यावर पडतं. तिच्या घरी परतण्याची तयारी म्हणजे तीन महिन्यांच्या पोळ्यांची सोय. ती आधी लावा, मगच तिला 'आराम कर' म्हणा.

ठोक्यांचं बघा. बायपासनंतर तीन-चार जणांत एकाला ठोक्यांची लय बिघडण्याचा त्रास होतो. बहुधा तो हॉस्पिटलातच, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतो, पण घरी आल्यावरही परतू शकतो. छातीत फडफड, नाडी कधी भरभर कधी चुकल्यासारखी, सोबत थकवा. मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायला घरातल्या दोघांनी तरी हॉस्पिटलातच नर्सकडून शिकून घ्या. लय बिघडली की मशीन कधी चुकीचा आकडा दाखवतं, बोटाला मात्र गडबड कळते. हे त्याच दिवशी कळवायचं. त्यासोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखणं असेल तर सरळ निघायचं.

छातीत दुखण्याचे प्रकार वेगळे करता येणं घरी सोपं नाही, तरी थोडं. हाडाचं दुखणं हलल्यावर, खोकल्यावर वाढतं, बोट ठेवून दाखवता येतं. दीर्घ श्वास घेतला की टोचतं, आडवं झालं की वाढतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं आणि बारीक ताप आहे, तर हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज असू शकते. ती काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही येते आणि तिच्यावर औषध आहे. ऑपरेशनच्या आधी जसं दाटून यायचं, जबड्यात किंवा हाताकडे जायचं, घाम फुटायचा, तसं पुन्हा झालं तर क्षणभरही थांबायचं नाही. आणि आपल्याकडे यावर एकच शब्द आहे, 'गॅस'. अण्णा त्या रात्रीही म्हणाले, 'गॅस झालाय, ओवा दे.' पहिले तीन महिने घरात हा शब्द निदान म्हणून चालणार नाही, हे रुग्णासमोर बसून ठरवा. तसंच 'रात्री कशाला त्यांना त्रास' आणि 'सकाळी बघू' हेही.

फोन नव्हे, थेट १०८ केव्हा, ते वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत: छातीत दाटून येऊन घाम, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, हात गळणं, जीभ अडखळणं, खोकल्यातून रक्त, न थांबणारा रक्तस्राव. पक्षाघाताची शंका असेल तर माणूस शेवटचं नीट कधी बोलला ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. स्वतःच्या गाडीत मागे झोपवून न्यायचा मोह होतो, पण अँब्युलन्समध्ये वाटेत ऑक्सिजन मिळतो.

गोळ्यांबद्दल दोनच गोष्टी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने चुकवायची किंवा बंद करायची नाही, आणि दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता द्यायची नाही. काळी, डांबरासारखी शौच, हिरड्यांतून रक्त, विनाकारण काळे-निळे डाग दिसले तर कळवा. बायपाससोबत हृदयाची झडपही बदललेली असेल तर आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या, तपासणीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. पालेभाजी बंद करायची नाही, रोज साधारण सारखी ठेवायची. एक आठवडा मेथी-पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं झालं की आकडा हलतो.

उरलं दार. एक पिशवी भरून दाराच्या खुंटीला अडकवा: डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, शेवटचा ईसीजी आणि इको, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधार आणि योजनेचं किंवा विम्याचं कार्ड, थोडे रोख पैसे, चार्जर, एक शाल. घराचा पत्ता खुणेसकट एका कागदावर, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही तो वाचून सांगता येईल. फाटकाची किल्ली कुठे असते ते शेजारच्या वहिनींना सांगून ठेवा, आणि आईजवळ कोण थांबणार तेही. जिन्यातला गेलेला बल्ब आजच बदला.