केबल लावली की इंटरनेट जातं? रूटिंग टेबल वाचा

सोसायटीच्या ऑफिसात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. त्याच्या सेटिंग बदलायला मी लॅपटॉप घेऊन बसतो. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, रेकॉर्डर केबलवरून. केबल खोचली की रेकॉर्डर दिसायचा आणि इंटरनेट जायचं. बरेच दिवस मी मुकाट्याने केबल काढ-घाल केली. दोष केबलचाही नव्हता आणि मोबाइलचाही. लॅपटॉपला बाहेर पडायला दोन दारं मिळाली होती आणि तो भलत्याच दाराने निघत होता.

खालचं सगळं लिनक्ससाठी आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘अॅड्र’ म्हणजे अॅड्रेसची पहिली चार अक्षरं, ‘डेव्ह’ म्हणजे डिव्हाइसची पहिली तीन, ‘डेल’ म्हणजे डिलीटची पहिली तीन. जुन्या पुस्तकांतली ‘आयएफकॉन्फिग’ आता विसरलात तरी चालेल, तिच्या जागी ‘आयपी’ ही एकच आज्ञा पुरते.

आधी दारं मोजा:

आयपी -बीआर अॅड्र

प्रत्येक इंटरफेसची, म्हणजे दाराची, एक ओळ येते. ‘एलओ’ हा यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा मार्ग, त्याला हात लावू नका. माझ्याकडे केबलचा इंटरफेस ‘ईएनपी३एस०’ आणि वायफायचा ‘डब्ल्यूएलपी२एस०’ आहे. तुमची नावं वेगळी असतील, तीच वापरा. केबलच्या ओळीत ‘डाउन’ दिसलं तर आधी प्लग नीट बसलाय का बघा. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

आता मुख्य गोष्ट, रूटिंग टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठल्या दाराने जायचं याची यादी:

आयपी रूट

माझ्या पडद्यावर, अनावश्यक शब्द वगळता, हे होतं:

डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह ईएनपी३एस० मेट्रिक १००
डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.४३.१ डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० मेट्रिक ६००
१९२.१६८.१.०/२४ डेव्ह ईएनपी३एस० मेट्रिक १००
१९२.१६८.४३.०/२४ डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० मेट्रिक ६००

या चार ओळी सावकाश वाचा. पत्ता कुठल्या ओळीत बसतो ते पाहताना लिनक्स सगळ्यात नेमकी ओळ आधी धरतो. ‘/२४’ म्हणजे पहिले तीन आकडे जुळायला हवेत. रेकॉर्डर १९२.१६८.१.१०८ वर आहे, म्हणून तो तिसऱ्या ओळीत बसतो आणि केबलने सापडतो. जे कुठेच बसत नाही, म्हणजे अख्खं इंटरनेट, ते ‘डिफॉल्ट’कडे. तशा ओळी दोन असतील तर ज्याचा मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी तो जिंकतो. नेटवर्कमॅनेजर (लिनक्समधल्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) केबलला १०० आणि वायफायला ६०० देतो, कारण केबल वेगवान असा त्याचा समज. केबलच्या टोकाला असलेल्या कॅमेऱ्यांच्या जुन्या राउटरमागे (१९२.१६८.१.१) इंटरनेटच नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. (त्याची इंटरनेट-तपासणी चालू असेल तर तो अशा केबलच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो. माझ्याकडे ती बंद होती.)

अंदाज बांधण्यापेक्षा, इंटरनेटवरच्या एका पत्त्याकडे (८.८.८.८) कुठल्या दाराने जाणार ते थेट विचारा:

आयपी रूट गेट ८.८.८.८

उत्तरात ‘डेव्ह ईएनपी३एस०’ आलं की चोर सापडला. तेवढी एक ओळ काढा (‘सुडो’ लावलं की आज्ञा प्रशासकाच्या हक्काने चालते):

सुडो आयपी रूट डेल डिफॉल्ट डेव्ह ईएनपी३एस०

रेकॉर्डरची तिसरी ओळ शाबूत राहते. ‘रूट गेट’ पुन्हा चालवा, आता वायफायचं नाव यायला हवं. पिंग (पत्त्यावरून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा) चालतं पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असं झालं तर लॅपटॉप डीएनएस, म्हणजे नावामागचा पत्ता, अजून त्या जुन्या राउटरला विचारतोय. त्याचा उपाय शेवटी आहे.

केबलच्या बाजूला आपोआप पत्ता देणारं कुणी नसेल तर पत्ता स्वतः द्यायचा. आधी नेटवर्कमॅनेजरला त्याच्याच ‘एनएमसीएलआय’ या आज्ञेने बाजूला करा, नाहीतर तो तुमचा पत्ता पुसू शकतो:

सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस सेट ईएनपी३एस० मॅनेज्ड नो
सुडो आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप
सुडो आयपी अॅड्र अॅड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईएनपी३एस०

शेवटचं ‘/२४’ विसरू नका. ते गाळलं तर आज्ञा तक्रार करत नाही, पण पत्ता एकटा पडतो: त्या जाळ्याची ओळ टेबलात येतच नाही आणि रेकॉर्डर सापडत नाही. आणि ५० हा आकडा दुसऱ्या कुणाचा नाही, याची खात्री करून घ्या.

दुसऱ्या इमारतीचे कॅमेरे १९२.१६८.२ च्या जाळ्यात, त्याच राउटरच्या पलीकडे असतील तर:

सुडो आयपी रूट अॅड १९२.१६८.२.०/२४ व्हाया १९२.१६८.१.१

‘व्हाया’नंतरचा पत्ता तुमच्या थेट जोडलेल्या जाळ्यातलाच हवा. नसेल तर गेटवे (म्हणजे हा ‘व्हाया’चा पत्ता) अवैध असल्याची तक्रार येते. ‘फाइल एक्झिस्ट्स’ आलं तर घाबरू नका, त्याच जाळ्याची ओळ आधीपासून आहे; तिचा ‘व्हाया’ तोच आहे का ते बघा. आणि तक्रार काहीच नाही, तरी पिंग येत नाही? परतीची वाट तपासा. पलीकडच्या कॅमेऱ्याला तुमच्याकडे यायचा रस्ता माहीत नसेल तर तुमचं पाकीट पोचतं, उत्तर मात्र येत नाही.

‘आयपी’ने केलेले बदल रीबूटनंतर जातात. हीच सोय लांबच्या सर्व्हरवर उपयोगी पडते. तिथे डिफॉल्ट रूटला हात लावण्यापूर्वी ‘सुडो शटडाउन -आर +१०’ देऊन ठेवा. चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर दहा मिनिटांत यंत्र जुन्या अवस्थेत परत उठेल. सगळं जमलं तर ‘सुडो शटडाउन -सी’ने ते रद्द करा.

लॅपटॉपवर कायमचा बंदोबस्त असा. आधी ‘एनएमसीएलआय कॉन शो’ने केबलच्या जोडणीचं नाव पाहा (ते जसं दिसतं तसंच, मोठ्या-लहान अक्षरांसह टाका; नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हांत घाला) आणि मघाशी ‘मॅनेज्ड नो’ केलं असेल तर ते परत ‘येस’ करा. मग:

सुडो एनएमसीएलआय कॉन मॉड "वायर्ड कनेक्शन १" आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट येस आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस
सुडो एनएमसीएलआय कॉन अप "वायर्ड कनेक्शन १"

पहिल्या सेटिंगने केबल पुन्हा कधी डिफॉल्ट होत नाही, दुसरीने जुन्या राउटरचा डीएनएस सुटतो. माझी केबल तेव्हापासून काम संपेपर्यंत लावलेलीच असते.