सीडी४चा रिपोर्ट हाती आला की काय बघायचं

आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, इकडं बीडकडं, रिपोर्ट हाती पडला की पहिला सवाल ठरलेला: "मॅडम, पेशी वाढल्या का?" मी म्हणते, आधी व्हायरल लोड बघा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते. गोळ्या काम करतायत का, ते तो सांगतो.

मग सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगाशी लढणाऱ्या पेशी. सीडी८ ही त्यांचीच दुसरी जात; तीही दिली असेल तर सीडी४च्या आकड्याला सीडी८च्या आकड्यानं भागा. ४२० भागिले ८४०, म्हणजे ०.५. निरोगी माणसात हे उत्तर बहुधा १च्या वर असतं; एचआयव्हीत सीडी४ घटतात, सीडी८ वाढतात, म्हणून ते खाली येतं.

सीडी४, सीडी८ या दोन्ही टी-पेशी. नव्या टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत घडतात. कच्ची पेशी अस्थिमज्जेतून येते, ती सीडी४ होणार की सीडी८ हे इथं ठरतं. वयात आल्यावर ही ग्रंथी आक्रसत जाते, तिथं चरबी भरते. म्हणून सोबतच गोळ्या सुरू केल्या तरी विशीतल्या पोरीचा आकडा बहुधा लवकर चढतो, पन्नाशीतल्या मावशींचा रेंगाळतो. शेजारणीच्या रिपोर्टशी तुलना नकोच. स्वतःचा मागचा कागद काढा. ताप-सर्दीतही आकडा तात्पुरता घसरतो.

"थायमस वाढवणारं" चूर्ण कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

खोकला, ताप, रात्रीचा घाम असेल, विशेषतः सीडी४ २००च्या खाली असेल, तर टीबीची तपासणी लगेच. आणि ऊसतोडीला निघणार असाल तर मुकादमाकडून उचल घेतली की आम्हाला सांगा. जास्तीच्या गोळ्या किंवा तिकडचं जवळचं केंद्र, काहीतरी सोय बघता येते.