अमेरिकेत आरव्ही घेऊन फिरताय? रात्री फुकटात गाडी कुठे लावायची ते वाचा

आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची ठरली की आपले लोक गाडीचं भाडं, माइल्सचे पैसे, पेट्रोल, सगळा हिशोब करतात, आणि आरव्ही पार्कात हुकअपवाल्या (वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी असलेल्या) जागेला सीझनमध्ये रात्रीचे साठ-सत्तर डॉलर सहज जातात ते मात्र धरतच नाहीत. रोज तिथे राहायची काही गरज नसते. दोन रात्री फुकट आणि तिसऱ्या रात्री पैसे भरून हुकअप, म्हणजे अंघोळी, चार्जिंग, टाक्या सगळं उरकून घ्यायचं, हा हिशोब फॅमिलीला बरा पडतो.

एक गोष्ट आधीच पक्की करा, झोपण्यापुरती गाडी लावणं वेगळं आणि कॅम्पिंग वेगळं. दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये फक्त झोपायचं. तिथे खुर्च्या टाकून चहा, ऑनिंग (गाडीच्या कडेचं कापडी छप्पर) उघडणं, ग्रिल लावणं, स्लाइड-आउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढणं यातलं काहीही नको. असले प्रकार झाले की ते दुकान सगळ्यांनाच बंदी करून टाकतं.

वॉलमार्टचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण तिथेही सरसकट चालतं असं नाही, ते त्या दुकानाच्या मॅनेजरवर आणि त्या गावाच्या नियमावर असतं. टूरिस्ट गावात आणि मोठ्या शहरात नकाराची तयारी ठेवा. दुपारीच फोन करून सरळ विचारायचं की एका रात्रीसाठी आरव्ही लावली तर चालेल का आणि कुठल्या बाजूला लावू. हो म्हणाले तरी पोचल्यावर खांबांवरच्या पाट्या वाचा, ओव्हरनाइट पार्किंग नाही असं लिहिलेलं असेल तर मुकाट्याने निघा, टो झाली तर सगळी बचत त्यातच जाईल. गाडी दुकानापासून लांब, कडेला लावायची, पण मागच्या बाजूला माल उतरवणारे ट्रक येतात तो रस्ता सोडून. मध्यरात्री लॉट झाडायची गाडी घरघरत येते, दचकू नका. आणि दूध-दही-भाजी तिथूनच घ्या, तेवढं तर आपण घेणारच असतो.

क्रॅकर बॅरल या रेस्टॉरंट-साखळीच्या बऱ्याच हॉटेलांमागे आरव्ही आणि बससाठी लांब जागा आखलेल्या असतात, आत जाऊन विचारायचं, सकाळी तिथेच पॅनकेक खायचे आणि निघायचं. काबेलाज आणि बास प्रो या शिकार-मासेमारीचं सामान विकणाऱ्यांच्या काही दुकानांत चालतं. कसिनोंमध्येही बऱ्याच ठिकाणी चालतं, आधी सिक्युरिटीकडे नाव नोंदवायचं, काही ठिकाणी पैसे घेतात. ट्रक स्टॉप मी शेवटी ठेवते. एकतर शेजारी रेफ्रिजरेटरवाला ट्रक असला तर त्याचं इंजिन रात्रभर चालू, आणि दुसरं म्हणजे ट्रकवाल्यांना ११ तास चालवल्यावर सलग १० तास थांबावंच लागतं, कायदाच आहे तसा, त्यांची जागा आपण अडवली तर ते बिचारे जाणार कुठे.

रेस्ट एरियाचं, म्हणजे हायवेकडेच्या विश्रांतीच्या जागांचं, राज्याप्रमाणे बदलतं. टेक्सासमध्ये २४ तासांपर्यंत थांबता येतं, ओरेगॉनमध्ये १२, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये ८, फ्लोरिडात फक्त ३. म्हणजे फ्लोरिडात रात्र काढायचा विचारच सोडा. तिथली पाटी काय म्हणते ते शेवटचं.

आता खरी मजा. पश्चिमेकडे बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची) जमीन आणि नॅशनल फॉरेस्ट प्रचंड पसरलेत, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी फुकट कॅम्पिंग चालतं, साधारणपणे एका जागी १४ दिवसांपर्यंत. इथे खुर्च्या टाका, चहा करा, तारे बघा, कुणी काही म्हणत नाही. नॅशनल पार्कच्या आत रस्त्याकडेला रात्रभर थांबता येत नाही, पण पार्कच्या हद्दीबाहेर बऱ्याचदा सोय असते, म्हणजे ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमला जाताना तुसायान गावाजवळचं काइबाब फॉरेस्ट, किंवा साउथ डकोटात बॅडलँड्सला लागून वॉल गावाजवळचं बफेलो गॅप ग्रासलँड, तिथे दरीच्या काठावर गाड्या लागतात. ॲरिझोनात क्वार्टझाइटजवळ डोम रॉकला हिवाळ्यात आरव्हींची जत्रा असते. जागा शोधायला आयओव्हरलँडर आणि कॅम्पेंडियम ही ॲप्स बघा, ताजे रिव्ह्यू वाचा, नकाशा आधीच डाउनलोड करा कारण तिथे रेंज नसते.

पण भाड्याच्या गाडीवाल्यांनो, करारपत्र नीट वाचा. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि तिकडे रुतलात तर टोइंगचा खर्च तुमच्या बोडक्यावर. परवानगी असली तरी एकाने खाली उतरून पुढचा रस्ता चालून बघायचा, वाळू आहे का, वळायला जागा आहे का, आणि हे सगळं उजेड असताना. नवीन जागा करायला झुडपांत घुसू नका, जिथे आधी गाड्या लागल्यात तिथेच लावा. शेकोटीला बंदी आहे का तेही बघा, उन्हाळ्यात बहुधा असतेच.

हुकअप नसताना एसी आणि मायक्रोवेव्ह जनरेटरशिवाय चालत नाहीत, आणि जनरेटरचे कंपनी बहुतेक तासावर पैसे लावते, शिवाय रात्री पार्किंग लॉटमध्ये तो लावणं म्हणजे शेजाऱ्यांच्या शिव्या. म्हणून उन्हाळ्यात उंचावर झोपा, फिनिक्स भाजत असतं तेव्हा ७००० फुटांवरच्या फ्लॅगस्टाफकडे रात्री पांघरूण लागतं. हीटर गाडीतल्या प्रोपेन गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरी खातो, त्यामुळे संध्याकाळी दिवे, चार्जिंग जपून.

स्वयंपाक गॅसवर होतो, कुकर मस्त लागतो. फोडणी मात्र छताची खिडकी आणि पंखा चालू करूनच द्या, नाहीतर मोहरी तडतडायच्या आधी स्मोक अलार्म बोंबलतो, आणि वैतागून त्याची बॅटरी काढायची नाही म्हणजे नाही. कढई आधी टिश्यूने पुसून घ्या आणि मग थोड्या पाण्यात धुवा, पाणी पुरतं आणि ग्रे टाकीही (सिंक-अंघोळीच्या सांडपाण्याची) लवकर भरत नाही. ते सांडपाणी जमिनीवर सोडायचं नाही, टाक्या रिकाम्या करायच्या जागी, म्हणजे डंप स्टेशनलाच. वॉशिंग्टनमध्ये काही रेस्ट एरियात ते फुकट आहे, ट्रक स्टॉपला पैसे पडतात.

आणि आई-बाबा सोबत असतील, किंवा तुम्ही स्वतः व्हिसावर असाल, तर पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची) प्रिंट गाडीतच ठेवा. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासमध्ये मेक्सिको सीमेच्या बाजूला हायवेवर बॉर्डर पेट्रोलचे चेकपॉइंट असतात, तिथे विचारतात.