सगळ्यांना चालता येईल अशी वाट बांधताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की नाशिकमध्ये रविवारच्या श्रमदानाला जोर चढतो. टिकाव, घमेली, वर चहा-पोहे. उन्हाळ्याआधी वाट तयार. मग जूनमध्ये पहिला दणका बसतो आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुतायला लागतात.

कारण बहुतेक वेळा एकच असतं: काळ्या मातीवर थेट टाकलेला मुरूम. ही माती मे महिन्यात दगडासारखी लागते, म्हणून आपण फसतो. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा मुरूम खाली गिळते. अशा वाटेवर आणखी एक ट्रॉली ओतून काही होत नाही. तेवढा पट्टा उकरा, काळी माती बाजूला काढा आणि मुरूम थराथराने भरा. एक थर सहा इंचांपेक्षा जाड नको. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा; रोलर मिळाला नाही तर धुम्मस (माती ठोकायचं जड हातठोकणं) आहेच, फक्त हात भरून येतात. वर दगडाची कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, दाबून बसवा. सुटी खडी मात्र चुकूनही नको. दिसायला स्वच्छ दिसते, पण तिच्यावर ना चाक चालत, ना कुबडी टिकत.

दुसरी चूक म्हणजे उतार डोळ्याने ठरवणं. धडधाकट पायांना जे सपाट वाटतं, ते स्वतःची खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याला चढण असतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, गवंड्याची लेव्हल पाइप पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे नीट काढा, दोन टोकं वीस फुटांवरच्या दोन काठ्यांना धरा आणि दोन्हीकडे पाणी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. फरक एक फुटाच्या आत असेल तर उत्तम. बारा फुटांना एक फूट ही शेवटची हद्द. केंद्राच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतही रॅम्पला 1:12 पेक्षा जास्त चढ चालत नाही. तेवढा चढ घ्यावाच लागला, तर तीस फुटांच्या आत सपाट थांबा द्या. आणि जिथे जमणारच नाही तिथे हट्ट सोडा. पांडवलेणीच्या पायऱ्यांचा रॅम्प होणार नाही. टेकडीच्या पायथ्याची सपाट जागा निवडली तर दहापट माणसं फिरतील.

पाणी वाटेवरून लांबवर वाहत गेलं की घळ पडते. ती बुजवत बसू नका, पाणी कुठून येतंय ते पावसात छत्री घेऊन बघा. वरच्या अंगाला चर काढा आणि वाटेखालून पाइपने पाणी पलीकडे सोडा. वाटेला आडवा ढाळ पाच फुटांना सव्वा इंच पुरतो. जास्त दिला तर व्हीलचेअर सतत एका बाजूला ओढली जाते आणि एका हाताचा पिट्टा पडतो.

आता फाटक. इथे सरळ उत्तर नाही. दुचाकी शिरू नयेत म्हणून आपण आडवेतिडवे पाइप किंवा फिरतं फाटक लावतो. पण स्कूटरचं हँडल आणि व्हीलचेअर यांची रुंदी जवळपास सारखीच. जे एकीला अडवतं ते दुसरीलाही अडवतं. हाताने चालवायची तीनचाकी तर आणखी रुंद. माझं स्पष्ट मत: तीन फुटांची मोकळी वाट ठेवा आणि दुचाकीवाल्यांशी माणसं बोलू देत. सकाळ-संध्याकाळ फिरणारे आजोबा या कामाला कुठल्याही पाइपपेक्षा भारी पडतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, आपल्या डोळ्यांसमोर मात्र खुर्ची एकटीच येते. पांढरी काठी वापरणाऱ्याला वाटेची कड कळायला हवी. मुरमावर मध्येच अंधांसाठीच्या उठावदार ठिपक्यांच्या चार फरशा बसवून ती कळत नाही; दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच वर आलेली विटांची ओळ लावा. काठीला खालचं सगळं कळतं, कपाळाच्या उंचीवरची बाभळीची फांदी कळत नाही. सात फुटांपर्यंत वर मोकळं हवं आणि घाणेरी पावसाळ्यात दोनदा तरी छाटावी लागते. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेची परवानगी घ्या.

बाकांबद्दल थोडक्यात: ‘यांच्या स्मरणार्थ’ आलेल्या ग्रॅनाइटच्या बाकाला बहुधा पाठही नसते, हातही नसतात. गुडघे दुखणाऱ्या आजी त्यावर बसतात आणि उठवायला कुणाला तरी हाक मारतात. देणगीदाराला आधीच सांगा, वाईट वाटत नाही. बाकाशेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी जागाही सोडा.

गोदावरीच्या काठाने वाट नेत असाल तर आधी पूररेषा बघा आणि जमीन कुणाची, हे सातबाऱ्यावर तपासा. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या पहिल्या पूररेषेच्या, आत महागडं काही बांधू नका. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा. तसा पूर आला की पेव्हर ब्लॉक उचकटतात. मुरूम-कच वाहून गेली तरी दोन रविवारांत परत भरता येते. पूर ओसरला की गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून घ्या. वाळल्यावर त्याला टिकाव लागतो आणि टिकावाने खालचा दाबलेला थरही उखडतो.