थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलताय? या चुका टाळा

थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. ती किती उघडली आहे हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो. दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१२२ कोड दिसला की बरेच जण लगेच नवा सेन्सर मागवतात. पण सेन्सर खराब आहे, असं तो कोड म्हणतच नाही. सेन्सरच्या सर्किटमधून ईसीयूकडे येणारं व्होल्टेज हवं त्यापेक्षा कमी आहे, एवढंच तो सांगतो. तुटलेली सिग्नल वायर, हिरवी पडलेली पिन, नीट न बसलेला कनेक्टर, यातल्या कशानेही हाच कोड येतो. पी०१२३ म्हणजे व्होल्टेज जास्त. तिथे अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी) वायर तुटलेली आहे का, हे आधी बघावं. पी०१२४ म्हणजे सिग्नल अधूनमधून तुटतोय, आणि असा दोष सेन्सरइतकाच वायरिंगमध्येही सापडतो.

लक्षणांवरून निदान करणं ही दुसरी चूक. रेस देताना गाडी अडखळते, आयडलिंग वर-खाली होतं, एका वेगाने चालताना बारीक झटके बसतात, ऑटोमॅटिक गाडीत गिअर भलत्याच वेळी पडतात. ही सगळी लक्षणं खरी आहेत. पण काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी (झडप जिच्यात बसते ती), इनटेकच्या पाइपमधली हवेची गळती किंवा आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर बिघडला तर तोही यातला बराचसा त्रास देतो. त्यामुळे मल्टिमीटर हातात घेण्याआधी थ्रॉटल बॉडी उघडून बघा आणि पाइप चाचपून बघा. त्याला खर्च नाही.

एक लक्षण मात्र फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. इंजिनात पेट्रोल जास्त झालं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि ईसीयूने तेवढ्यापुरतं पेट्रोल बंद करायचं, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते. सेन्सर ‘थ्रॉटल पूर्ण उघडा’ असं खोटंच सांगत राहिला तर अशी गाडी सुरूच होत नाही, आणि लोक पेट्रोल पंपाच्या मागे लागतात.

मोजमापात होणाऱ्या चुका

नेहमीच्या सेन्सरला ३ वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. इग्निशन ऑन, इंजिन बंद. पहिला हात सिग्नलला नको, पुरवठ्याला लावा. ५ व्होल्ट येत नसतील तर नवा सेन्सरही तसाच गप्प बसेल. बऱ्याच गाड्यांत हीच ५ व्होल्टची लाइन इतर सेन्सरांनाही जाते आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला की सगळी लाइन खाली येते. एकेक कनेक्टर काढत जा. कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते बघा.

अर्थ तपासताना फक्त मीटरची कंटिन्युइटीची (वायर अखंड असल्याची) शिटी ऐकून समाधान मानू नका. कनेक्टर जोडलेला ठेवून सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ते ०.१ व्होल्टच्या आत हवं.

मग सिग्नल. थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ ते १ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ व्होल्टच्या आसपास. नेमके आकडे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधले धरा. ही दोन टोकं मोजून मीटर आवरून ठेवणं हीच या कामातली सगळ्यात मोठी चूक. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना मधेच खरखर होते, तसाच हाही पट्टीवर सरकणारा स्पर्शक आहे, आणि पट्टी झिजते ती सहसा थोड्या उघडलेल्या थ्रॉटलच्या भागात. गाडी बहुतेक वेळ तिथेच चालते ना. म्हणून थ्रॉटल अगदी हळू उघडत न्या. साधा डिजिटल मीटर क्षणभराची घसरण पकडत नाही. काट्याचा मीटर किंवा स्कॅनरवरचा ग्राफ बरा. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) असेल तर प्रश्नच नाही. उघडताना सेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा, वायरिंग हलवा. दोष बऱ्याचदा तेव्हाच तोंड दाखवतो.

मीटरची टोकं वायरच्या कव्हरमध्ये खुपसू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी नवाच दोष तयार होतो. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिन घाला. सेन्सर हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणाऱ्या) प्रकारचा असेल तर ओहम मोजून उपयोग नाही, त्यात झिजणारी पट्टीच नसते.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर

यात झडप केबलऐवजी मोटर उघडते. इथे एका सेन्सरच्या जागी दोन असतात आणि ईसीयू त्यांचा ताळा घेतो. काही गाड्यांत एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो, काहींत दोन्ही चढतात. ताळा जुळला नाही की पी२१३५ येतो आणि गाडी रेस घेईनाशी होते. अशा बॉडीत सेन्सर बहुधा सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडीच बदलावी लागते. इग्निशन ऑन असताना बटरफ्लायमध्ये (थ्रॉटलच्या झडपेत) बोट घालू नका. मोटर तो जोरात मिटते.

बसवताना

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. स्क्रूची भोकं लांबट असतील तर जुना सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करा. स्क्रू लहान आणि घट्ट असतात. बरोबर मापाचा ड्रायव्हर नसेल तर डोकं घासलं जातं आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभर पुरतं.

नवा सेन्सर सहसा थेट भोकांवर बसत नाही. तो थोडा तिरका बसवून स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध फिरवावा लागतो. सरळ दाबून बसवला तर शाफ्टचा दांडा चुकीच्या बाजूला अडकतो आणि थ्रॉटल उघडताना सेन्सर आतून मोडतो. बसवल्यावर, स्क्रू आवळण्याआधी, थ्रॉटल हाताने एकदा पूर्ण उघडून बंद करा.

व्होल्टेज जुळवायचं तर सेन्सर फिरवून जुळवा. आयडलचा स्टॉप स्क्रू (बंद थ्रॉटल कुठे थांबतो ते ठरवणारा) पिळून नाही.

नंतर कोड पुसा आणि मॅन्युअलमध्ये दिलेली रीलर्न प्रक्रिया (ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) करा, नाहीतर चांगला सेन्सर असूनही आयडलिंग भटकत राहतं. शेवटी स्कॅनरवर बंद थ्रॉटलचा आकडा बघा. रेस देऊन सोडल्यावर तो दर वेळी त्याच जागी यायला हवा. येत नसेल तर केबल किंवा बटरफ्लाय अडकतोय, आणि दुसरा सेन्सर आणून त्यात काही फरक पडणार नाही.