अंगणातील तेरडा व कुर्डू यांची पेरणी
गौरीच्या पूजेला लागणारा तेरडा आणि बांधाबांधावर उगवणारा कुर्डू ही रानफुले कोल्हापुरात घरच्या अंगणातही बियांपासून सहज वाढतात. मात्र रोपवाटिकेतील दुहेरी पाकळ्यांच्या तेरड्याला रानातल्या तेरड्याची सर नाही. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्यानंतर, जूनच्या सुरुवातीस बी टाकावे. येथील काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि कोवळी मुळे कुजतात, म्हणून वाफा चार बोटे उंच करून त्यात बारीक मुरूम मिसळावा. कुर्डूचे बी बारीक, काळे व चमकदार असते. ते मूठभर कोरड्या वाळूत कालवून विस्कटावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा, कारण खोल गेलेले बी बहुधा उगवत नाही. शेणखत बेतानेच घालावे, अन्यथा पाने माजतात व फुले रेंगाळतात. तेरड्याची बोंडे पिवळसर होताच, बोट लागून ती फुटण्यापूर्वी, कापडी पिशवीत काढून सावलीत वाळवावीत. राधानगरी अभयारण्यातून मात्र बी आणू नये; वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तेथून परवान्याविना काहीही नेण्यास मनाई आहे.