खोक्यावरचं नाव झाका, मग दोन कार्डं शेजारी ठेवा

मालवणात माझं कॉम्प्युटर जोडणीचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तारकर्लीला पर्यटकांना स्कुबा करवून त्यांचा पाण्याखालचा व्हिडिओ हातात देणारी मुलं येतात, लग्नाचं शूटिंग करणारे येतात, दशावताराचे रात्रभराचे प्रयोग रेकॉर्ड करणारे येतात, आणि अर्थातच गेम खेळणारी मुलं येतात. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधलं चित्राचं आणि व्हिडिओचं काम करणारं कार्ड, घ्यायला आले की पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं : "ताई, माका बारा जीबीचाच कार्ड होया." मी विचारते, "कित्याक?" (कशासाठी?) त्यावर उत्तर येत नाही, कारण जीबीचा, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा, आकडा तेवढा त्यांनी ऐकलेला असतो. म्हणून दोन कार्डं मी वहीत कशी ताडून बघते, ते इथे सविस्तर सांगते.

वहीचं पान उभं दुमडायचं. डावीकडे एक कार्ड, उजवीकडे दुसरं. नाव सगळ्यात वर लिहायचं आणि त्यावर पट्टी ठेवून झाकून टाकायचं. हे मी शिकले ते एनव्हिडिया कंपनीच्या जीटी १०३० या कार्डामुळे. एका शिक्षकांच्या जुन्या मशीनसाठी मी ते कार्ड मागवलं होतं. आलं, बसवलं, आणि त्याच नावाचं कार्ड आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे लावलं होतं त्याच्या मानाने फारच रखडायला लागलं. दोन्ही खोकी काउंटरवर शेजारी ठेवून भिंगाने वाचली. नाव तेच, २ जीबी तेच, ६४ बिट तेच. फरक मेमरीच्या प्रकाराच्या बारीक ओळीत होता : एकावर जीडीडीआर५, दुसऱ्यावर डीडीआर४. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहते, दुसऱ्याची १६.८. म्हणजे तिपटीच्या आसपास फरक, आणि नाव एकच. पाठवणाऱ्याने "१०३० मागितलंत, १०३० दिलं" म्हणून हात वर केले. कार्ड माझ्याकडेच राहिलं.

तेव्हापासून मी पहिला हिशोब मेमरीच्या वाहतुकीचा करते. तो कुणालाही करता येतो. बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता, किती बिटची आहे ते बघा, त्याला ८ ने भागा, आणि मेमरीच्या वेगाने, म्हणजे जीबीपीएसच्या (सेकंदाला गिगाबिट) आकड्याने, गुणा. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड १९२ बिटचं, वेग १५. १९२ भागिले ८ म्हणजे २४, गुणिले १५ म्हणजे ३६०. सेकंदाला ३६० जीबी. आता त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड घ्या. त्याची बस १२८ बिटची, म्हणजे १६ गुणिले १५, झाले २४०. कोअर, म्हणजे चिपमधले हिशोब करणारे भाग, दोन्हींत ३५८४च. दुकानदार म्हणेल, "फक्त चार जीबी कमी आहे." फक्त चार जीबी नाही, रस्ताच तीनपदरीचा दोनपदरी झालाय.

पण हा हिशोब एकाच पिढीच्या कार्डांत सरळ लागतो. पिढी बदलली की जपून. आरटीएक्स ४०६० चं गणित मांडलं तर १६ गुणिले १७, म्हणजे २७२ येतात. कोअरही कमी, ३०७२. नुसती वही बघितली तर ३०६० जिंकायला हवं, तरी बहुतेक गेममध्ये ४०६० पुढे असतं. याला दोन कारणं आहेत : नव्या चिपचा क्लॉक (चालायचा वेग) बराच जास्त आहे, आणि आतली एल२ कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी साठवण, ३ एमबीवरून २४ एमबीवर गेली. लागणारा माल घरातच असेल तर बाजारात खेपा कमी होतात, तसं. मात्र ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये मोठा सीन उघडायचा असेल किंवा एआयचं मॉडेल स्वतःच्या मशीनवर चालवायचं असेल, तर माल ठेवायला जागाच लागते. तिथे ८ जीबी संपले की संपले, आणि ३०६० चे १२ जीबी खरे कामाला येतात. म्हणून मी "कित्याक" विचारते.

कोअरच्या आकड्यावरून तर वेगवेगळ्या पिढ्यांची किंवा वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना करूच नका. जीटीएक्स १०८० टीआयमध्ये ३५८४ कोअर आहेत, ३०६० मध्येही ३५८४च. दोघांची मोजदाद वेगळी आहे. टेराफ्लॉप्सचंही, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी हिशोब होतात त्या आकड्याचंही, तसंच. हा आकडा कोअर गुणिले २ गुणिले क्लॉक असा काढलेला असतो. ४०६० चा १५ च्या आसपास येतो. एएमडी कंपनीच्या रेडिऑन आरएक्स ७६०० चा २१ च्या वर दाखवतात, कारण त्यात एका फेरीत दोन कामं धरलेली असतात. रे ट्रेसिंग (उजेड आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय) बंद ठेवून गेम चालवलात तर दोघं जवळजवळ बरोबरीने जातात. मी टेराफ्लॉप्स वहीत सगळ्यात खाली लिहिते.

त्याच्याआधी स्लॉट, म्हणजे बोर्डवर कार्ड बसतं ती खाच, बघा. कार्डाला लांबलचक सोळा लेनचा कनेक्टर असला तरी आत सगळ्या लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा, जोडलेल्या असतीलच असं नाही. ४०६० ला आठच आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला चारच. पीसीआयई ४.० च्या (हा स्लॉटचा प्रकार) बोर्डवर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात, ३.० वर त्याच्या निम्मे. आपल्याकडे लोक जुना बोर्ड ठेवून फक्त कार्ड बदलतात, आणि नेमकं हेच तिथे आडवं येतं. बोर्ड ३.० चा असेल तर ६५०० एक्सटी घेऊच नका. त्यात व्हिडिओ एन्कोडरही, म्हणजे व्हिडिओ दाबून त्याची फाईल बनवणारा भागही, नाही. स्कुबावाल्या मुलांना तर ते मुळीच चालणार नाही : पर्यटक अंघोळ करून कपडे बदलून येईपर्यंत त्यांना व्हिडिओ एक्स्पोर्ट करून द्यायचा असतो, आणि ते ओझं कार्डातला एन्कोडरच उचलतो. एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारात एन्कोड करायचं असेल तर आरटीएक्स ४० किंवा नंतरची मालिका, आरएक्स ७००० किंवा नंतरची मालिका किंवा इंटेल आर्क हवं. आरटीएक्स ३० मालिका एव्ही१ नुसतं वाचते, लिहीत नाही.

आता वॅट. जूनपासून आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ही ओळ मी लाल पेनाने लिहिते. बऱ्याच घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॅट देतो. आय५ १२४०० प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, डिस्क, पंखे यांचे ५० धरा, मॉनिटरचे ३०. झाले १९७. त्यात ३०६० चे १७० मिळवले की ३६७, म्हणजे रेंडर चालू असताना लाईट गेली तर यूपीएस तिथेच मान टाकणार. ४०६० चे ११५ मिळवले तर ३१२, फाईल सेव्ह करायला वेळ मिळतो. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वायरीही आधी बघून घ्या : स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या वायरीतून ७५, आठ पिनच्यातून १५०. कार्डाची लांबी मिलीमीटरमध्ये असते, ती कॅबिनेटमध्ये टेपने मोजा.

सेकंडहँड घेणार असाल तर कागदावरची तुलना अर्धीच झाली. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, त्यानंतर काही महिन्यांनी मी एक कार्ड स्वस्तात घेतलं. पुसून लख्ख केलेलं होतं. कूलर उघडला तर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मुळाशी चहाच्या गाळासारखी माती, आणि मेमरीच्या चिपच्या कडेला हिरवट डाग. चार दिवस चाललं. किनाऱ्यावरच्या घरातून आलेल्या कार्डाचीही अशीच तपासणी करा : पोर्टच्या पट्टीवर गंज आणि पात्यांवर पांढरी भुकटी दिसली की खाऱ्या हवेने आतही काम केलंय असं समजा.

मग कार्ड लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. जुन्या कार्डात नव्या कार्डाचा बायॉस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) भरून विकणारे असतात, जीपीयू-झेड अशी बरीच नकली कार्डं ओळखून नावापुढे तसं दाखवतो. मेमरीचा प्रकार, बसचे बिट आणि बँडविड्थ (मेमरीची वाहतूक) वहीतल्या आकड्यांशी जुळवा. बस इंटरफेसच्या, म्हणजे स्लॉटच्या, ओळीत कमी वेग दिसला तर लगेच भांडू नका. कार्ड निवांत असताना वेग आपोआप उतरतो. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून टेस्ट चालू करा, तेव्हा खरा आकडा वर येतो. अर्धा तास गेम किंवा रेंडर चालू ठेवा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि पैसे त्यानंतर द्या.